१४ गाणी, २९ मिनिटं: पंक अल्बम स्टुडिओत कसा होतो

रामोन्स या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७६मध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत रेकॉर्ड झाला. खर्च सुमारे ६,४०० डॉलर. वाद्यांना तीन दिवस, गायनाला चार. १४ गाणी, सगळी मिळून २९ मिनिटांची. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पंक बँड हे आकडे पाठ करून येतो आणि आपलंही आठवड्यात उरकेल असं धरून चालतो. उरकतंही. फक्त रामोन्स स्टुडिओत शिरले तोवर सीबीजीबी क्लबमध्ये वाजवत त्यांना दीड वर्ष झालं होतं, हे कोणी पाठ केलेलं नसतं. ती तयारी नसेल तर सातव्या दिवशी हातात स्टुडिओचं बिल तेवढं उरतं.

म्हणून आम्ही आधी बँडच्या जॅम रूमवर, म्हणजे सरावाच्या खोलीवर जातो. मोबाइल खोलीच्या कोपऱ्यात ठेवून सगळी गाणी एकदा सलग रेकॉर्ड करायची आणि घरी येऊन प्रत्येक गाण्याची लय मोजायची: सुरुवातीला किती, कोरसला किती, शेवटी किती. बहुतेक बँडना आपली लय ठाऊक नसते. कार्यक्रमात अंगात आल्यावर मिनिटाला १९० मात्रांच्या लयीने (१९० बीपीएम) वाजणारं गाणं रविवारी सकाळी १७०वर येतं, आणि बँडला दोन्ही सारखीच वाटतात. स्टुडिओत यातली कोणती लय घ्यायची हे तिथे पोचण्याआधी ठरलेलं बरं.

ते ठरवायला गिटारिस्टचा उजवा हात बघायचा. १८० बीपीएमला आठव्या मात्रांचे, म्हणजे मात्रेला दोन असे, सेकंदाला ६ ठोके पडतात. सव्वादोन मिनिटांच्या गाण्यात ते आठशेच्या वर जातात. रामोन्सचा गिटारिस्ट जॉनी रामोन हे सगळे ठोके खालच्याच दिशेने मारायचा, आणि त्या आवाजातला कडकपणा तिथून येतो. गिटारिस्ट दमला की नकळत एक आड एक ठोका वर ओढायला लागतो. प्रेक्षकांत बसून ते कळत नाही, पण माइकला कळतं: वरचा ठोका बारीक तारांवर आधी पडतो, आवाज पातळ होतो आणि कॉर्ड घोडदौडीसारखी लंगडायला लागते. म्हणून लय ठरवताना विचारायचं ते तिसऱ्या टेकचं (टेक म्हणजे गाणं एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग). तिसऱ्यांदा वाजवतानाही शेवटच्या कोरसपर्यंत सगळे ठोके खाली मारता आले, तर ती लय खरी. त्यासाठी पाच बीपीएम कमी करावे लागले तरी रेकॉर्डवर गाणं वेगवानच ऐकू येतं, कारण प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

क्लिक, म्हणजे हेडफोनमधली लय देणारी टिकटिक, लावायचा की नाही यावर बँडमध्ये हमखास भांडण होतं. क्लॅश या ब्रिटिश पंक बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ अल्बमच्या रेकॉर्डिंगमध्ये एका गाण्याची लय वाढत गेली म्हणून ड्रमरला पुन्हा वाजवायचं होतं, तेव्हा निर्माता गाय स्टीव्हन्सने सगळं रॉक अँड रोल पळतंच म्हणून तोच टेक ठेवला, असं सांगतात. आम्ही त्याच बाजूचे, पण एक अडचण आहे. क्लिक नसेल आणि दोन टेकमधले चांगले तुकडे जोडायचे असतील, तर जोडाच्या जागी दोन्हींची लय फार तर एक-दोन बीपीएमने वेगळी चालते; त्याहून जास्त असेल तर गाणं अडखळल्यासारखं होतं. तेव्हा ड्रमर पक्का असेल तर सुरुवातीचे आठ ठोके क्लिक देऊन तो बंद करायचा. ड्रमर नवखा असेल तर क्लिक शेवटपर्यंत ठेवायचा, मात्र कोरसला तो दोन-तीन बीपीएमने चढवून द्यायचा. सरळसोट एकाच आकड्यावरचा क्लिक पंकचा जीव काढतो.

ड्रमची नवी पानं (वर ताणलेले पडदे) आदल्या संध्याकाळी चढवायची. चढवली की ती ताणून ताणून बसवावी लागतात आणि रात्रीतून पुन्हा थोडी सैल पडतात, म्हणून सकाळी परत सुरात आणायची. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, दर तीन-चार गाण्यांनी तपासायचा. जोरात वाजवणाऱ्याच्या काठीसमोरची, पान ताणणारी चावी आधी ढिली होते. पावसाळ्यात खोलीचं तापमान आणि ओल स्थिर ठेवणं हेच एक काम होऊन बसतं. रात्री एसी बंद करून सकाळी लावला की गिटारचा नेक हलतो आणि दुपारपर्यंत सूर सरकत राहतो. वाद्यं आधीपासून खोलीत, पेटीबाहेर असू द्यावीत. गाडीतून आणून लगेच रेकॉर्डिंगला बसू नये.

पंकच्या ड्रममध्ये सगळ्यात जास्त घात करतात झांजा. ड्रमर क्रॅश या मोठ्या झांजेवर जिवाच्या आकांताने मारतो, आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर त्या मानाने हळू. वरच्या दोन ओव्हरहेड माइकमध्ये मग नुसता झणझणाट भरतो. तो नंतर काढता येत नाही, कारण त्याच माइकमध्ये स्नेअरचा अर्धा आवाज असतो. त्यात गायकाचे स, श, त, च हे वर्णही झांजांच्याच पट्ट्यात येतात. झांजा चढल्या की शब्द बुडतात, शब्द वर काढले की गायन उपरं वाटतं. उपाय मिक्समध्ये नाही, खोलीत आहे. झांजा चारेक इंच वर घ्यायच्या म्हणजे हात आपोआप कमी जोराने पडतो, चकचकीत आवाजाच्या झांजा काढून जाड, मंद आवाजाच्या लावायच्या, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) अर्धी उघडी ठेवून पूर्ण गाणं झोडपायची सवय निदान कडव्यांपुरती सोडायची. ड्रमरला हे पटायला एक टेक वाजवून तो कंट्रोल रूममध्ये ऐकवावा लागतो. नुसतं सांगून भागत नाही.

ओव्हरहेड लावताना आम्ही दोरी वापरतो. दोरीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचं आणि दोन्ही माइक बरोबर तेवढ्याच लांबीवर आणायचे. साधारण एक मीटर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक तेवढा लांब राहिला तर दोन्ही एकत्र केल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो आणि स्नेअर डबा वाजवल्यासारखा पोकळ होतो. स्नेअरच्या खालून माइक लावला असेल तर त्याची पोलॅरिटी (तरंगाची वर-खाली दिशा) उलटी करायची. हे विसरून पुढचे दोन दिवस इक्वलायझर फिरवत बसणारे कमी नाहीत.

वीज हा आपल्याकडचा वेगळा अध्याय. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गिटार आणि अँपवर चढवलेला गेन, म्हणजे आवाज फाडणारी वाढ, म्हटलं की ५० हर्ट्झची गुणगुण आलीच. अँप, पेडल, इंटरफेस सगळं एकाच सर्किटवर घ्यायचं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघायचं. ते दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. अँपच्या वायरची अर्थची पिन काढून गुणगुण घालवण्याचा जुगाड अजून चालतो. तो अजिबात करू नये. अँपमध्ये बिघाड झाला तर तारांवर हात आणि ओठांशी माइक असलेल्या माणसाच्या अंगातून करंट जातो. उरलेल्या गुणगुणीसाठी गिटारिस्टला खुर्चीसकट हळूहळू फिरवायचं. एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते; तिथे जमिनीवर टेप चिकटवून ठेवायचा.

गिटारचा सूर ट्यूनरवर जुळतो आणि गाण्यात बेसूर लागतो, ही तक्रार पंकमध्ये नेहमीची. जोरात मारलेली तार त्या क्षणी जास्त ताणली जाते आणि तिचा सूर वर जातो. मग ती खाली येऊन स्थिरावते. आपण सूर लावतो तो स्थिरावलेल्या तारेचा, आणि १८० बीपीएमला ती स्थिरावतच नाही. तेव्हा गाण्यात मारता तेवढ्याच जोराने तार छेडायची आणि पहिल्या क्षणीचा सूर बरोबर करायचा. तारा ०.००९ऐवजी ०.०१० किंवा ०.०११ इंच जाडीच्या लावल्या तर हा फरक कमी होतो. चार-पाच गाण्यांनी तारा बदलायच्या. बेसच्याही नव्याच हव्यात, आणि बेस पिकने वाजवायचा. बोटांनी वाजवलेला गोल आवाज या वेगाला चिखल होतो.

गेन मात्र कमी. कार्यक्रमात वापरता त्याच्या निम्म्यावर आणला तरी चालतो. गिटार दोनदा रेकॉर्ड करून डावी-उजवीकडे ठेवली की भरीवपणा येतोच, आणि गेन जास्त असला की ठोक्याची धार चपटी होऊन सगळं एकसलग गुंजारव होतं. साधा एसएम ५७ माइक स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, मधली टोपी जिथे संपते त्या कडेवर. मध्याकडे सरकवला तर तिखट, बाहेर नेला तर बोथट. एक सेंटिमीटरने काय होतं ते एकाने माइक हलवत आणि दुसऱ्याने हेडफोन लावून ऐकायचं. यात गेलेला अर्धा तास नंतर दिवसभराची मेहनत वाचवतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार.

थर किती चढवायचे याला पंकच्या इतिहासात दोन घराणी आहेत. रामोन्सच्या पहिल्या रेकॉर्डवर बेस जवळजवळ पूर्ण डावीकडे, गिटार उजवीकडे. एका बाजूचा स्पीकर बंद केला तर अर्धा बँड गायब. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या बँडचा १९७७चा अल्बम याच्या दुसऱ्या टोकाला. त्यात गिटारिस्ट स्टीव्ह जोन्सच्या गिटारचे थरावर थर आहेत आणि बहुतेक ठिकाणी बेसही त्यानेच वाजवला आहे. गिटार आणि बेस एकाच हाताचे असल्याने ती भिंत इतकी सांधेजोड वाटते. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत हे घडलं आणि इंजिनिअर होता बिल प्राइस. दोन वर्षांनी त्याच स्टुडिओत, त्याच इंजिनिअरकडे क्लॅशने ‘लंडन कॉलिंग’ केला. नव्या बँडला आमचा सल्ला दोन गिटार, एक बेस आणि बस. चार थर सांभाळायला चारही थर एकसारखे वाजवता यायला हवेत. नाहीतर थर वाढतात तशी धार कमी होते.

प्रत्यक्ष टेक तीन ते पाच. पहिल्यात सगळे बिचकलेले असतात, दुसरा किंवा तिसरा लागतो, पाचव्यानंतर चुका कमी होतात पण जोरही कमी होतो. तेव्हा गाणं सोडून पुढचं घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. सगळ्यात वेगवान गाणी जेवणाच्या आधी. प्रत्येक टेकनंतर पाचही जणांनी आत येऊन ऐकायचं नाही. त्यात वेळ जातो आणि अंग थंड पडतं. दोन टेक जोडायचे झाले तर काप क्रॅशच्या ठोक्याच्या किंचित आधी द्यायचा. मागच्या झांजेची लांबलेली शेपटी तिथे तुटते, पण नव्या क्रॅशच्या आवाजात ते झाकून जातं.

गायनाला महागडा कंडेन्सर माइक आम्ही सहसा लावत नाही. तो खोली, थुंकी, दागिने सगळं टिपतो. एसएम ७बीसारखा डायनॅमिक माइक, किंवा गायक हातात माइक धरल्याशिवाय ओरडूच शकत नसेल तर सरळ एसएम ५८. मराठीत किंवा हिंदीत गाणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही: ख, घ, फ, भ, ध हे महाप्राण ओरडताना हवेचा गोळाच बाहेर फेकतात. भडकलेल्या कडव्यात ‘भ’ने सुरू होणारे दोन शब्द लागोपाठ आले की पॉप फिल्टर असूनही भप्‌भप्‌ ऐकू येतं. माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी तिरपा ठेवायचा. हवा शेजारून निघून जाते. ओरडून गाणाऱ्या गळ्याला एका दिवशी दीड-दोन तास पुरे. सगळ्यात फाटक्या आवाजाचं गाणं शेवटी ठेवायचं, कारण त्यानंतर त्या दिवशी गोड काही निघत नाही.

कोरसमधला घोळका हा मजेचा भाग, पण त्यालाही शिस्त लागते. सहा माणसं पुरतात: दोघं सुरात असणारी, चौघं नुसती मोठ्या आवाजाची. माइकपासून मीटर-दीड मीटरवर अर्धवर्तुळात उभं करायचं, तीन वेळा घ्यायचं आणि दर वेळी जागा बदलायच्या. सहाचे अठरा होतात. शब्दाच्या शेवटी येणारा त, स किंवा ट फक्त एकाने म्हणायचा. सहाही जणांनी म्हटला तर तो एकाच वेळी कधीच पडत नाही आणि शब्दाच्या शेपटीला फटाक्यांची माळ लागते. घोळका नेहमी थोडा मागे राहतो, कारण प्रत्येक जण शेजारच्याची वाट बघतो. एडिटिंगमध्ये तो पुढे ओढायचा आणि शेवट एका रेषेत कापायचा. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान मोकळा. दोन्ही कान झाकले की सगळे आपापल्या सुरात.

मिक्समध्ये प्रत्येकाला आपलं वाद्य वर हवं असतं. म्हणून बँडने एकच यादी, एकाच माणसाकडून, आणि दोन फेऱ्यांत द्यायची. गिटारमधून ९० हर्ट्झच्या खालचं कापून ती जागा बेस आणि किकला द्यायची. बेसची एक प्रत थोडी फाडून (डिस्टॉर्शन देऊन) मूळ बेसखाली मिसळली की तो मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकू येतो. मिक्स मोनो (डावी-उजवी बाजू एकत्र) करून ऐकायचा आणि हळू आवाजात ऐकायचा. मोठ्या आवाजात सगळंच भारी वाटतं. आणि जमलं नसेल तर पुन्हा करायला लाज वाटू नये: ग्रीन डे या अमेरिकी पंक बँडचा ‘डूकी’ हा अल्बम बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत रेकॉर्ड झाला, त्याचा पहिला मिक्स बँडला पसंत पडला नाही आणि मिक्सिंग करणाऱ्या जेरी फिनला बरोबर घेऊन तो नव्याने करण्यात आला. आज ऐकू येतो तो हा दुसरा.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या हातात, सगळ्यांना सगळ्यात मोठा आवाज हवा असतो. स्पॉटिफाय एरवी सगळं −१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून वाजवतं. तुम्ही −६पर्यंत पिळून दिलंत तर ते ८ डेसिबलने खाली येणार, आणि पिळताना चपटा झालेला स्नेअर चपटाच राहणार. आम्ही −९च्या आसपास थांबतो. दोन गाण्यांमध्ये अर्धा सेकंद, फार तर एक. विनाइल काढायचा असेल तर २९ मिनिटं ही नामी लांबी आहे: एका बाजूला साडेचौदा मिनिटं, म्हणजे खाचा रुंद आणि आवाज दणदणीत. तबकडीच्या आतल्या भागात खाच सुईखालून हळू सरकते आणि तिथे स, श फाटतात. झांजांनी भरलेलं गाणं बाजूच्या शेवटी ठेवू नये. खर्ज एकाच बाजूला ढकलला तर सुई उडायचा धोका असतो, त्यामुळे रामोन्ससारखी डावी-उजवी वाटणी विनाइलवर हवी असेल तर कटिंग करणाऱ्याशी आधी बोलावं.

वेष्टणाची छपाई सगळं पक्कं झाल्यावरच. ‘लंडन कॉलिंग’मध्ये ‘ट्रेन इन व्हेन’ हे गाणं इतक्या उशिरा आलं की मूळ वेष्टणावरच्या यादीत त्याचं नावच नाही. आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख), गीतकार-संगीतकारांचे वाटे, आयपीआरएस या त्यांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेतली नोंदणी ही कामं प्रकाशनाच्या आधी महिनाभर. वाटे बोलून नव्हे, लिहून.

स्वागताबद्दल बँडच्या अपेक्षा भलत्याच असतात. रामोन्सचा तो अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १११च्या वर गेला नाही. त्याच वर्षी ४ जुलैला त्यांनी लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवलं आणि तिथल्या पोरांवर त्याचा परिणाम झाला; अमेरिकेत मात्र ‘गोल्ड’ व्हायला २०१४ उजाडलं. १९९४मध्ये आलेला ‘डूकी’ त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, १९९५मध्ये ग्रॅमीही मिळाला. पण ज्या ९२४ गिल्मन स्ट्रीट क्लबमध्ये बँड वाढला, त्याचं दार मोठ्या कंपनीशी करार केल्यामुळे त्यांना बंद झालं. तिथे ते पुन्हा वाजले २०१५मध्ये.

इथे छोट्या बँडच्या वाट्याला दोन शेरे हमखास येतात. पहिला, सगळी गाणी सारखीच वाटतात. बहुतेक वेळा तो खरा असतो, आणि कारण क्रमात असतं: १७८, १८०, १८२ अशी तीन गाणी, तिन्ही ए या एकाच स्वरात, तिन्हींची सुरुवात एकट्या गिटारने. पंधराएक बीपीएमचा फरक असलेली गाणी शेजारी ठेवली, तिसरं गाणं वेगळ्या स्वरात घेतलं आणि एखादं ड्रमने सुरू केलं की तोच ऐवज वेगळा लागतो. दुसरा शेरा, कार्यक्रमासारखं वाटत नाही. कार्यक्रमात बेस पायाखालून येतो आणि कान बधिर झालेले असतात. इअरफोनवर ते येणार नाही, आणि त्यामागे लागून मिक्स बिघडवू नये. आकडे बघायचेच तर लोक गाणं कुठल्या सेकंदाला सोडतात ते बघावं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकणं मोजलं जात नाही, आणि लांबलेल्या सुरुवातीची गाणी त्याआधीच गळतात. पुढच्या रेकॉर्डिंगच्या वेळी गिटारचे सुरुवातीचे आठ बार (आवर्तनं) चारवर आणायला ड्रमरपेक्षा गिटारिस्टला जास्त वेळ समजवावं लागतं.